लाल पेन्सिल

शाळकरी मुलांच्या घरची माहिती गोळा करणाऱ्या प्राध्यापकमहाशयांचा पालकांवर फार राग. पालकांनी भरलेले फॉर्म तपासताना ते तणतणायचे, "पोटच्या पोराची माहिती नाही यांना!" आणि उत्तर खरं वाटलं नाही, की त्यापुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठोकून द्यायचे.

एके दिवशी त्यांच्याच लेकाने त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. "बाबा, उद्या शाळेत द्यायचाय."

"आण इकडे, दोन मिनिटांचं काम!" 'विद्यार्थ्याशी नाते' या पहिल्याच रकान्यात त्यांनी झोकात 'वडील' लिहिलं. जन्मतारीख आठवली. तुकडी 'ब' असावी. उंची अंदाजाने ठोकली. जवळचा मित्र?

"तुझा तो चष्मेवाला, काय रे नाव त्याचं?"

"तो चौथीतच शाळा सोडून गेला, बाबा." लेक समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि माझी तुकडी 'ड' आहे. आईला विचारून खोडू का?"

"खाडाखोड चालत नाही," प्राध्यापक पुटपुटले. त्यांनी निमूटपणे लाल पेन्सिल उचलली, तुकडी, उंची, मित्र सगळं सोडून सरळ वर गेले आणि 'वडील'पुढे प्रश्नचिन्ह काढलं.