एक माप मोठा

मळवलीच्या ज्या बंगल्याची मी राखण करते, तिथल्या मॅडमना आमच्या कुत्रीचं पिल्लू लय आवडलं. पाचातलं तेवढं एकच जगलं व्हतं. पण "घरच्या लेकरासारखं सांभाळू, मावशी," म्हणाल्या, म्हणून दिलं.

पिंजरा घ्यायला त्यांनी मलाबी कामशेतला संगं नेलं. पिल्लाला, आमच्या भुऱ्याला, मांडीवर घेऊन मी दुकानात सांगितलं, "एक माप मोठा घ्या. वाढतं अंग हाय. पोरीचा शाळेचा ड्रेसबी मी दोन बोटं मोठाच घेते."

मॅडम हसल्या. "कुत्र्यांचं तसं नसतं, मावशी. पिल्लाला पिंजरा अंगाबरोबरचाच लागतो. वाढला की मोठा घेऊ."

शिकलेली बाई. म्हटलं, त्यांना जास्त ठावं. निळ्या दाराच्या त्या बारक्या पिंजऱ्यात बसून भुऱ्या मुंबईला गेला.

वर्षानं, दिवाळीला, त्यांची गाडी फाटकात आली. मी तव्यावरची भाकरी तशीच हातात घेऊन पळाले. मागच्या सीटवर तोच निळ्या दाराचा पिंजरा व्हता. वाकून बघते तर आत पांढरंशुभ्र नवं पिल्लू, अगदी मापात बसलेलं.

"आन् आमचा भुऱ्या कुटंय?"

मॅडमनी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली न्हाई.



"तो या पिंजऱ्यात मावेना, मावशी."