एक लांब, दोन आखूड

जहाज मुंगीच्या पावलानं चाललं होतं. डेकवर लाल जॅकेटं घातलेले प्रवासी श्वास रोखून उभे होते. दोन्ही बाजूंनी फ्योर्डचे, डोंगरांत शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाडीचे, कडे सरळ आभाळात घुसलेले. वर अजून बर्फ होता, खाली काठाला सफरचंदाची झाडं फुलली होती, आणि मधे जिथे तिथे वितळलेलं पाणी उड्या मारत होतं. कंपनीनं तिकिटावरच छापलं होतं की या वळणावर कुणी बोलायचं नाही. जहाजही बोलणार नाही.

तेवढ्यात एक लाकडी होडी जहाजाला आडवी आली.

"मावशी, बाजूला व्हा!" दुय्यम कप्तान ऑडवार कठड्यावरून दबक्या आवाजात ओरडला. "हे जहाज आहे, आडवं येऊन अडवायला शेरडू नाही!"

"दिसतंय मला!" होडीतली बाई मोकळ्या गळ्यानं म्हणाली. तिनं वल्ही आवरली. "तुमचा कप्तान कोण आहे?"

"मी," सुनिवा पुढे आली. या फ्योर्डमधली तिची ही पहिलीच फेरी होती. मोटर बंद करायला सांगूनच ती बाहेर आली होती.

"मी बोर्गहिल. ते लाल घर माझं. वळणावर भोंगा का नाही दिलास, पोरी?"

"इथे भोंगा द्यायचा नाही, मावशी. लोकांनी शांततेचे पैसे दिलेत."

"शांततेचे? अगं, माझ्या घरी हिवाळाभर साचून पडलीय. फुकट न्या म्हणावं!"

डेकवर दोघे-तिघे हसले. एका बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

बोर्गहिलनं कड्याकडे हात केला. शेळ्या वर चढून बसल्या होत्या म्हणे, बरोबर पिल्लं होती, आणि त्यांच्या डोक्यावर बर्फ लोंबत होता. केव्हा खाली येईल, नेम नाही. गेल्या वर्षापर्यंत रोजची बोट या वळणावर भोंगा द्यायची. भोंगा झाला की ती मीठ घेऊन दारात उभी, आणि शेळ्या धावत खाली. मग पलीकडे मोटारींचा बोगदा झाला. बोट बंद पडली.

"आता भोंग्याशिवाय त्या ऐकत नाहीत," ती म्हणाली.

"आमची माणसं पाठवू का वर?"

"अनोळखी माणूस दिसला की आणखी वर पळतात."

"घरी दुसरं कुणी नाही?"

"नवरा आहे. पण त्याचं काही खरं नाही. पानगळीपासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. कॉफी दिली तर पितो. नाही दिली तर मागत नाही."

सुनिवानं तिच्याकडे नीट पाहिलं. कामाच्या विटक्या स्वेटरवर तिनं चांदीची मोठी पिन लावली होती, सणावाराला लावतात तशी. आणि बोलताना तिची नजर कड्याकडे जात नव्हती. घराकडे जात होती.

"कुठली गं तू?" बोर्गहिलनं विचारलं.

"बर्गनची."

"बर्गनची आणि गप्प? मी काही जन्मात पाहिलं नव्हतं!"

आता डेक खदाखदा हसला. ओठांवर बोट ठेवणारी बाईसुद्धा. सुनिवा मात्र हसली नाही. भोंगा दिला तर कंपनी पहिल्याच फेरीला जाब विचारणार. नाही दिला आणि बर्फ सुटला, तर ती पिल्लं तिला आयुष्यभर दिसणार. ती सुकाणूच्या खोलीत गेली.

"एक लांब, दोन आखूड!" खालून बोर्गहिल ओरडली. "तसाच हवा!"

"शेळ्यांना मोजता येतं वाटतं?" ऑडवार म्हणाला.

"माझ्या शेळ्यांना येतं!"

सुनिवानं भोंगा दिला.

एक लांब. दोन आखूड. आवाज समोरच्या कड्यावर आपटला, मागे फिरला, पुन्हा गेला. पक्ष्यांचा थवा पाण्यावरून उठला. साऱ्या दुर्बिणी कड्याला लागल्या. तिथे शेळीचं शेपूटही हललं नाही. सुनिवानंही खिडकीतून वर पाहिलं. उशीर झाला की काय?

मग घरामागच्या गोठ्यातून बें-बें ऐकू आलं. चांगलं भरल्या गोठ्यातून येतं तसं.

आणि लाल घराचं दार उघडलं.

एक उंच म्हातारा बाहेर आला. पायांत नुसते लोकरी मोजे. कोटाची एकच बाही चढवलेली. डोक्यावर बोटीच्या कप्तानाची जुनी टोपी, सोनेरी पट्टी उडालेली. हातात टेबलावरचा पांढरा कपडा होता, ओढून आणलेला. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहिलं, आणि मग तो कपडा दोन्ही हातांनी डोक्यावर गरागरा फिरवायला लागला.

बोर्गहिलची वल्ही हातातून सुटली. ती रडत होती की हसत होती, कळेना.

"मेल्यानं कॉफी सांडली असणार सगळी!" ती म्हणाली. "चाळीस वर्षं भोंग्याच्या दोरीवर त्याचा हात, आणि दारात कपडा हलवायला मी. म्हटलं, आज त्याला कुणीतरी हाक मारू दे."

डेकवरच्या लोकांनी लाल जॅकेटं काढून हलवायला सुरुवात केली. शांतता कुणालाच आठवली नाही. सुनिवानं न सांगता पुन्हा भोंगा दिला.

"सरळ सांगायचं ना, मावशी!" ऑडवार डोळे पुसत म्हणाला.

"सरळ सांगितलं असतं, तर तुम्ही डॉक्टर पाठवला असता."

"आणि शेळ्या?" सुनिवानं वरून विचारलं.

"त्या कालपासून गोठ्यात आहेत, पोरी," बोर्गहिलनं वल्ही उचलली आणि होडी घराकडे वळवली. "मला हा एक बोकड तेवढा बाहेर काढायचा होता."