डाव्या बाजूचं दार

भांडण कसं करावं, हे साऱ्या देशानं मनोरच्या दोन सख्ख्या भावांकडून शिकावं. वडिलांच्या जुन्या मोटारीसाठी ते पालघरच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध लढत होते आणि तारखेला त्याच मोटारीतून शेजारी बसून जात होते. एकट्याच्या हाती मोटार सोडायची दोघांचीही तयारी नव्हती.

इतके दिवस धाकटा दामू चालवायचा. गेल्या तारखेला कोर्टानं, निकाल लागेपर्यंत, स्टिअरिंग थोरल्या कमलाकांतकडे दिलं.

तेवढ्यात बोईसरच्या मेकॅनिककडून कमलाकांतला कळलं, की वळणावर दारं आपोआप उघडतात म्हणून कंपनीनं मागे ह्या मॉडेलच्या सगळ्या मोटारी परत बोलावल्या होत्या. लॉक फुकट बदलून देत होते.

"तू नेलेलीस ना रे मोटार? बदललेस लॉक?"

"बदलले. चोर समजतोस काय मला?"

कमलाकांतनं चालकाचं दार उघडून पाहिलं. लॉक बदललेलं होतं. मग तो फिरून डावीकडे गेला. तिथलं जुनंच होतं, गंजलेलं.

"हे का नाय बदललंस?"

"संध्याकाळपर्यंत थांबा बोलले. कोण थांबतो?"

"ह्या बाजूला इतकी वर्षं मी बसत होतो, दाम्या!"

"मंग? पडलास काय?"

कमलाकांत स्टिअरिंगवर जाऊन बसला. दामूही डावीकडे बसला आणि त्यानं दार दोनदा आपटून लावलं.

वाघोबाची खिंड जवळ आली.



"दादा, वळणावर जरा हळू घे हां."