दारापासून वेदीपर्यंत

चर्चच्या पायऱ्यांपाशी इंदूताई थबकल्या. पिवळ्या भिंती, निळं दार, खिडक्यांना लाल-हिरव्या काचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शलाकाचं, लग्न इथंच लागलं होतं. वाईहून पाचगणी एसटीनं जेमतेम अर्धा तास. पण मुलगा ख्रिस्ती म्हणून आईवडील दोघंही फिरकले नव्हते. आज विहीणबाईंनी, मार्थाबाईंनीच, त्यांना आग्रहानं आणलं होतं.

"राहू द्या चपला पायात, चालतं इथं," मार्थाबाई म्हणाल्या. इंदूताईंनी तरी त्या काढल्याच.

आत कुणी नव्हतं. रिकाम्या बाकांवर काचांचे रंग पडले होते.

"शलाका कुठं उभी होती?"

मार्थाबाईंनी वेदीसमोरची जागा दाखवली. इंदूताई तिथं जाऊन उभ्या राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तिच्या बाजूनं कोण होतं?"

"मीच. नवरीला वडील हात धरून आणतात आमच्यात. ती दारात एकटीच दिसली, मला बघवेना. उठले आणि घेऊन आले."

"रडली का हो?"

"नाही. पण हात गार पडला होता पोरीचा. सारखी मागं वळून बघत होती, कुणी येतंय का."

इंदूताई वेदीपासून मागं फिरल्या. बाकांमधून चालत त्या थेट दारापर्यंत गेल्या आणि तिथंच वळून उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, इकडं या जरा. कशी आणलीत तिला, ते मला दाखवा."

मार्थाबाई आल्या. त्यांनी इंदूताईंचा हात हातात घेतला आणि दोघी सावकाश चालू लागल्या.