तिसरा झाकोळ

जोडताऱ्यांवर संशोधन करणाऱ्या लेकीने सोमवारी संध्याकाळी घरून आईला फोन लावला आणि आपलं काम समजावून सांगितलं.

"लांबून एकच तारा दिसतो गं. पण ठराविक वेळाने तो झाकोळतो. त्याला काही झालेलं नसतं, त्याच्या आड दुसरा येत असतो."

"आणि तो दुसरा दिसतच नाही?"

"नाही ना. आपण फक्त वेळा टिपायच्या. एकदा झाकोळला तर म्हणायचं, ढग असेल. दुसऱ्यांदा, योगायोग. तिसऱ्यांदाही ठरल्या वेळी झाकोळला, की आड कुणीतरी आहे हे नक्की."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" आई म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या.

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. लेकीने खुर्चीवर घेतलेले पाय खाली सोडले. "हो, हो. सगळं छान आहे. ठेवते," ती बारीक आवाजात म्हणाली. नवऱ्याने बूटसुद्धा न काढता फोनसाठी हात पुढे केला. कुणाशी किती वेळ बोललीस, हे तो रोज स्वतः बघायचा.

मंगळवारीही तेच झालं.

बुधवारी लेक फोनवर आईला आपल्या ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करून दाखवत अगदी रंगात आली होती, आणि किल्ली फिरली. "सगळं छान आहे. ठेवते हं."

"थांब," आई म्हणाली. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.


"परवा सहा दहा, काल सहा दहा, आज सहा दहा. आता ढग आहे म्हणू नकोस, बाळा. मी येतेय तुला न्यायला."