विचारल्याशिवाय

काल संध्याकाळी नवऱ्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. नंतर दुखू नये म्हणून मांडीतल्या नसेपाशी इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता. आज सकाळी घरी सोडताना सिस्टरने तिला बाजूला घेऊन बजावलं, “चारपर्यंत बधिरपणा उतरेल. तीनला या दोन गोळ्या द्याच, दुखत नसलं तरी. एकदा कळा सुरू झाल्या की गोळ्यांना लवकर दाद देत नाहीत.”

घरी आल्या आल्या ती म्हणाली, “अहो, सिस्टर सांगत होत्या...”

“तुला कुणी विचारलं?”

बावीस वर्षं झाली लग्नाला, पण हे वाक्य काही झिजलं नव्हतं.

तरी बरोबर तीनला ती गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन बेडरूमच्या दारात आली. तो फोनवर मित्राला फुशारक्या मारत होता. “दुखतंय कसलं! मुंगी चावल्याइतकंही नाही. आमच्या हिचं सिझेरियन झालं तेव्हा आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं हिने. नुसती नाटकं!”

ती आल्या पावली परत फिरली. पेल्यातलं पाणी स्वतःच प्यायली आणि त्याच्या शर्टांना इस्त्री करत बसली.

सव्वाचारला असा काही ओरडा आला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

“अगं, मेलो! काय सांगत होती ती सिस्टर?”

हातातल्या शर्टाची कॉलर तिने सावकाश पुरी केली, मग इस्त्री बंद केली.

“आता विचारलंत म्हणून सांगते. गोळ्या तीनला द्यायच्या होत्या.”