रुळाला लावलेला कान

महाराष्ट्र झाला त्या साली फाट्याची गाडी बंद झाली, आणि जनकाबाईच्या लेकीचं माहेरी येणंच खुंटलं. मग मायलेकींनी युक्ती काढली. लेक पुढच्या स्टेशनाजवळून रुळावर दगडाने ठोके द्यायची, अन् इकडे ओसाड स्टेशनात जनकाबाई रुळाला कान लावून बसायची. महिनाभर मात्र रूळ मुका होता. काल अचानक ठोक्यांवर ठोके! "लय बोलली वो माही पोरगी!" तिने घरी जाताना भेटेल त्याला सांगितलं.

आज स्टेशनात घणवाले गँगमन उभे होते.

"सरक ना माय, रूळ काढाचे हायेत."

"अन् तिकडले, पोरीकडले?"

"काढले ना. काल दिवसभर ठोकून ठोकून हात दुखून राह्यले."

"हाव," जनकाबाई म्हणाली, "आयकलं मी."